धडा वाचता येतो, घरातला कागद वाचता येतो का?

पाचवी ते आठवीच्या मुलांचे पालक शाळेत भेटायला येतात तेव्हा एक प्रश्न हमखास विचारतात, "सर, हा वाचतो का नीट?" आम्ही शिक्षक बहुतेक वेळा "हो, वाचतो" असंच सांगतो, आणि ते खरंही असतं. मूल उर्दूचा धडा घडाघडा वाचतं, मराठीचा धडा थोडा अडखळत पण वाचतं, खालच्या प्रश्नांची उत्तरंही लिहितं. पण त्याच मुलाच्या हातात लाईट बिल दिलं आणि विचारलं, "शेवटची तारीख कोणती? किती युनिट जळाले?" की ते बिलाच्या पहिल्या ओळीपासून वाचायला लागतं. कंपनीचं नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक, असं करत अर्ध्यात थकतं आणि कागद परत देतं.

त्या मुलाला अक्षरं येतात. येत नाही ती कागद वाचायची पद्धत. ही पद्धत वेगळी शिकवावी लागते, आणि ती शिकवायला नवीन पुस्तक किंवा क्लास लागत नाही. लागणारं सगळं साहित्य तुमच्या घरातल्या कपाटात, औषधाच्या डब्यात आणि मोबाईलमध्ये आधीच आहे.

हा प्रश्न फक्त आपल्या मोहल्ल्याचा नाही

'असर' नावाचं शैक्षणिक सर्वेक्षण अनेकांनी ऐकलं असेल. २०२३ च्या असर सर्वेक्षणात ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींकडे पाहिलं गेलं. २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत सुमारे ३५ हजार मुलांची तपासणी झाली. त्यात दिसलं की साधारण चारातल्या एका मुलाला आपल्याच भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता येत नाही. पण आमचं लक्ष गेलं ते दुसऱ्या गोष्टीकडे. ज्यांना थोडंफार वाचता येत होतं, अशा मुलांना ओआरएसच्या पाकिटावरच्या सूचना देऊन चार साधे प्रश्न विचारले होते. चारपैकी किमान तीन उत्तरं बरोबर देणारी मुलं साधारण दोन-तृतीयांशच निघाली. म्हणजे वाचता येणाऱ्या दर तिघांतलं एक मूल पाकिटापाशी अडलं. आणि ही मुलं आपल्या पाचवी-आठवीच्या मुलांपेक्षा मोठी होती.

आपल्या घरांत तर ही गोष्ट आणखी महत्त्वाची. मेहरूण असो, धुळे असो की भुसावळ, आपल्या कितीतरी घरांत आजी-आजोबांना अक्षरओळख नाही, अम्मीला उर्दू येतं पण सरकारी मराठी येत नाही, अब्बा दिवसभर कामावर. कागद घरी आला की तो पोराच्या किंवा पोरीच्या हातात जातो. बारा-तेरा वर्षांचं मूल सगळ्या घराचे डोळे बनलेलं असतं. त्याने चुकीचं वाचलं तर नुकसान घराचं होतं.

गोष्ट पहिल्या ओळीपासून, कागद प्रश्नापासून

आम्ही वर्गात मुलांना एवढी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो. गोष्ट वाचायची तर पहिल्या ओळीपासून सुरू करायचं. कागद वाचायचा तर आधी स्वतःला विचारायचं, "मला यातून काय हवंय?" आणि मग तेच शोधायचं.

वाचण्याच्या तीन तऱ्हा मुलांना ओळखता आल्या पाहिजेत.

पहिली, नजर फिरवणं. कागद कोणाचा, कशाबद्दल, कोणासाठी, हे दहा सेकंदांत बघायचं. वरचं नाव, ठळक अक्षरं, खालची सही-शिक्का.

दुसरी, शोधणं. तारीख हवी असेल तर फक्त तारखा बघायच्या, रक्कम हवी असेल तर फक्त रकमा. बाकीचं सोडून द्यायचं. मुलांना वाटतं मधलं सोडणं म्हणजे चोरी. तसं नाही, हे त्यांना स्पष्ट सांगावं लागतं.

तिसरी, सावकाश वाचणं. जिथे सही करायची, पैसे द्यायचे किंवा औषध घ्यायचं, तिथे एकेक शब्द वाचायचा. कळला नाही तर थांबायचं आणि विचारायचं.

बसच्या पाटीवर हे लगेच शिकवता येतं. जळगाव स्टँडवर धुळ्याची गाडी उभी आहे. मुलाला विचारा, "एरंडोलला खालांकडे जायचंय, ही गाडी चालेल का?" मुलाची नजर 'धुळे' शब्दावर अडकते. खरं तर शोधायचे दोन शब्द आहेत, 'मार्गे' आणि 'विनाथांबा'. मार्गे एरंडोल, पारोळा असेल आणि विनाथांबा नसेल, तर बसायचं. त्यातही कंडक्टरला एकदा विचारून घ्यायचं. विचारणं हाही वाचण्याचाच भाग आहे.

औषध: इथे चूक परवडत नाही

गोळ्यांच्या स्ट्रिपवर मुलाने पाच गोष्टी शोधायला शिकावं.

एक, मोठ्या अक्षरातलं नाव कंपनीने ठेवलेलं असतं, खरं औषध बारीक अक्षरात असतं. दोन वेगवेगळ्या नावांच्या स्ट्रिपमध्ये एकच पॅरासिटामॉल असू शकतं. तापाची एक आणि अंगदुखीची दुसरी म्हणून दोन्ही घेतल्या, तर डोस दुप्पट होतो.

दोन, ताकद. ५०० आणि ६५० मिलीग्रॅम एक नव्हे. मुलांच्या तापाच्या सिरपवरही '५ मिलीत किती मिलीग्रॅम' हे लिहिलेलं असतं आणि ते बाटलीगणिक बदलतं. मागच्या वेळी एक झाकण दिलं होतं म्हणून या वेळीही एक झाकण, असं चालत नाही. मोजायला बाटलीसोबतचं खुणांचं झाकण वापरायचं, घरातला चमचा नाही.

तीन, एक्स्पायरी. ०८/२०२६ असं लिहिलं असेल तर ऑगस्ट २०२६ चा शेवटचा दिवस धरायचा. ही तारीख बहुतेक वेळा स्ट्रिपच्या एका टोकाला छापलेली असते. त्याच टोकाकडून गोळ्या कापत गेलं की तारीखच कचऱ्यात जाते. म्हणून गोळ्या दुसऱ्या बाजूने काढायच्या.

चार, लाल रेघ. स्ट्रिपवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही.

पाच, चिठ्ठीवरची १-०-१ ही खूण. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. रमजानमध्ये ही वेळ सहरी-इफ्तारवर आपल्या मनाने बसवली जाते. काही औषधांना ते चालतं, काहींना नाही. मुलाने चिठ्ठी वाचून दाखवावी, वेळ बदलायचा निर्णय डॉक्टरांना विचारून मोठ्यांनी घ्यावा.

ओआरएसचं पाकीटही घ्या. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी, छोटं २०० मिलीसाठी असतं. कोणतं पाकीट हातात आहे हे न वाचता एक लिटरचं पाकीट एका ग्लासात घोळलं, तर जुलाब झालेल्या बाळाला फायद्याऐवजी त्रास होतो. बनवलेलं पाणी २४ तासांच्या आत संपवायचं, नाहीतर फेकायचं. ही सूचनाही पाकिटावरच असते.

रेशन आणि लाईट बिल

रेशन कार्डाचा रंग सगळ्यांना माहीत असतो, पण धान्य रंगावर नव्हे, कार्डावरच्या वर्गावर मिळतं. प्राधान्य कुटुंब असेल तर माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदय असेल तर कुटुंबाला ३५ किलो. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. मुलाने कार्डावरची नावं मोजावीत. सहा नावं असतील तर ३० किलो. मग दुकानात अंगठा लावल्यावर निघणारी पावती मागून घ्यावी आणि त्यावरचा आकडा व पिशवीतलं वजन जुळतं का बघावं. इथे वाचन आणि गणित एकत्र येतं, म्हणून आम्ही हा सराव सहावीतच घेतो. तक्रारीसाठी १९६७ ही हेल्पलाईन आहे.

लाईट बिलावर आधी तीन आकडे शोधायचे: मागील रीडिंग, चालू रीडिंग आणि शेवटची तारीख. मागील ४८१२, चालू ४९३६, तर १२४ युनिट. मग घरातल्या मीटरसमोर उभं राहून बघायचं, मीटर खरंच त्याच्या आसपास आहे का. रीडिंग न घेता सरासरीने बिल आलं असेल तर तसा शेरा बिलावर असतो, तो वाचायचा. आणखी एक गैरसमज मुलंच दूर करू शकतात. १०० युनिट ओलांडले की सगळ्या युनिटना वाढीव दर लागतो असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. १२४ पैकी पहिल्या १०० ला कमी दर आणि वरच्या २४ लाच पुढचा दर लागतो.

आता मोबाईलवरचा कागद. "आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, ताबडतोब या नंबरवर फोन करा," असे मेसेज कितीतरी घरांत आले आहेत. यातून लोकांची खाती रिकामी झाली आहेत. असा मेसेज कसा वाचायचा, हे मुलांना शिकवा. पाठवणारा कोण? साधा दहा आकडी मोबाईल नंबर आहे का? घाई का केली जातेय? लिंक उघडायला किंवा ॲप टाकायला सांगतात का? मग घरातलं बिल काढून शेवटची तारीख बघा. वीज कायदा २००३ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. 'आज रात्री' असं कायद्यात बसतच नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करायचा.

स्वतःचा दाखला स्वतः वाचा

मुलाला सगळ्यात जवळचा कागद म्हणजे त्याचा स्वतःचा. तरी आठवीपर्यंत बहुतेक मुलांनी शाळेच्या जनरल रजिस्टरमधली आपली नोंद पाहिलेली नसते. नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख आकड्यांत आणि अक्षरांत, धर्म, जात. यातली एकेक नोंद पुढे दहावीच्या सर्टिफिकेटवर जाते. 'शेख' हे आडनाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहिलं जातं. शाळेत एक, आधारवर दुसरं, बँकेच्या पासबुकात तिसरं असेल, तर स्कॉलरशिपचे पैसे अडकायला तेवढंच पुरतं. मूल शाळेत असताना दुरुस्ती सोपी असते, शाळा सोडल्यावर फार अवघड.

जातीच्या रकान्याकडे तर आपल्या समाजात लक्षच दिलं जात नाही. बागवान, पिंजारी, मोमीन, तांबोळी अशा कितीतरी बिरादऱ्या ओबीसीत येतात. पण रजिस्टरमध्ये नुसतं 'मुस्लिम' लिहिलेलं असतं. ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणजे दादा-परदादांचा शाळेचा किंवा महसुलाचा जुना कागद. तो पेटीत असतो, पण कोणी उघडून वाचत नाही. एका रविवारी मुलांसोबत बसून ती पेटी उघडा. कोणता कागद कोणाचा, कोणत्या सालचा, त्यात काय लिहिलंय, याची एक यादी करा. कॉलेजच्या ॲडमिशनच्या आठवड्यात ही धावपळ करण्यापेक्षा आज एक दुपार दिलेली बरी.

आठवीच्या मुलांसाठी आणखी एक कागद आम्ही मुद्दाम वाचायला देतो, एनएमएमएस परीक्षेची सूचना. ही शिष्यवृत्ती नववी ते बारावी, दर वर्षी १२ हजार रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८ हजार. सरकारी, अनुदानित आणि स्थानिक संस्थांच्या शाळेत शिकणारं, सातवीत ५५ टक्के मिळवलेलं आणि पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेलं मूल परीक्षेला बसू शकतं. मागासवर्गीयांपैकी अनुसूचित जाती-जमातींना गुणांत सूट आहे. आमचे प्रश्न चारच असतात: मी बसू शकतो का? कोणते कागद लागतील? शेवटची तारीख कोणती? अर्ज कोणी भरायचा? चार उत्तरं वहीत आली की सूचना वाचून झाली.

उर्दू ही अडचण नाही, शिदोरी आहे

"आमची मुलं उर्दू मीडियमची, त्यांना सरकारी मराठी कसं जमणार?" असं पालक म्हणतात. पण सरकारी मराठीतले शब्द नीट ऐका. अर्ज, तारीख, मुदत, रक्कम, वारस, दाखला, नक्कल, वसूल, बाकी, जमा, जिल्हा, तहसील. हे सगळे फारसी-अरबीतून आलेले, उर्दूच्या मुलाला घरचे. लिपी देवनागरी असली तरी शब्द ओळखीचा आहे. मुलांना फॉर्म देऊन "यातले उर्दू शब्द शोधा" म्हणा. भीती तिथेच निम्मी होते.

काही शब्द मात्र फसवतात, त्यांची वेगळी यादी भिंतीवर लावा. उर्दूत हरकत म्हणजे हालचाल, मराठीत आक्षेप. महानगरपालिका 'हरकती व सूचना' मागवते तेव्हा ती लोकांचा विरोध असेल तर लिहून द्या म्हणत असते. उर्दूत राजीनामा म्हणजे समझोत्याचा कागद, मराठीत नोकरी सोडल्याचा. शाळेत मूल जे वाचतं तो 'कायदा' मराठीत कानून होतो. 'खाली' म्हणजे रिकामं नव्हे, खालच्या बाजूला. 'खाली सही करा' म्हणजे कोऱ्या कागदावर नव्हे. आणि 'शिक्षा' म्हणजे तालीम नव्हे, सजा.

आकड्यांचंही तसंच. आपलं मूल तीन तऱ्हेचे आकडे बघतं: उर्दू, देवनागरी आणि इंग्रजी. देवनागरी १ इंग्रजी नऊसारखा दिसतो, देवनागरी ४ इंग्रजी आठसारखा. उर्दूत शून्य म्हणजे नुसतं टिंब. सातबारा, एसटीचं वेळापत्रक, जुनी पावती वाचताना आधी ठरवायचं, आकडे कोणते आहेत. मग वाचायचं.

घरी कसं करायचं

दिवसाला दहा मिनिटं पुरेत. एक कागद, तीन प्रश्न. प्रश्न पालकांनी विचारायचे, उत्तर मुलाने बोट ठेवून दाखवायचं. "कुठे लिहिलंय, दाखव" हे वाक्य सगळ्यात उपयोगाचं. बोट ठेवल्याशिवाय उत्तर मान्य नाही, असा नियम केला की मुलं अंदाजाने बोलणं सोडतात. ज्या अम्मीला वाचता येत नाही, तीही हे करू शकते. तिला प्रश्न विचारायचे आहेत, वाचायचं मुलाला आहे.

तीन पथ्यं पाळा. आधार क्रमांक, पासबुक, ओटीपी कोणाला वाचून दाखवायचे नाहीत, फोनवर तर अजिबात नाहीत. औषध आणि सही यात शेवटचा शब्द मोठ्यांचा. आणि मूल चुकलं तर रागावू नका. रागावलं की पुढच्या वेळी ते न कळलेलंही कळलं म्हणून सांगतं, आणि धोका तिथे सुरू होतो.

घरातल्या निरक्षर मोठ्यांना बाजूला सारू नका. आपल्याच भागातल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि आज आपलं विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखलं जातं. अक्षरं मुलाकडे आहेत, व्यवहाराची समज आजीकडे. कोणत्या कागदावर घाईने अंगठा देऊ नये, हे तिला बरोबर कळतं. दोघांनी एकत्र बसून वाचलं तर कागद पूर्ण वाचला जातो.

मेहरूणमधल्या इकरा संस्थेचं नाव आपण रोज घेतो. इकरा म्हणजे 'वाच'. आणि कुरआनातली सगळ्यात लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार मुदत ठरवून, साक्षीदार ठेवून लिहून काढायला सांगते. लिहिलेला व्यवहार वाचताच आला नाही, तर लिहून उपयोग काय? बचत गटाचं कर्ज असो, हप्त्यावर घेतलेला फ्रिज असो की भाड्याच्या घराचा करार, सही करण्याआधी घरातल्या मुलाने किंवा मुलीने तो मोठ्याने वाचून दाखवावा. व्याज किती, हप्ते किती, एक हप्ता चुकला तर दंड किती, हे तीन प्रश्न विचारावेत.

सुरुवात आजच करा. आज रात्री जेवण झाल्यावर घरातला औषधाचा डबा उघडा, सगळ्या स्ट्रिप चटईवर पसरा आणि मुलाला सांगा, "यातल्या तारीख उलटून गेलेल्या वेगळ्या काढ." उद्या लाईट बिल घ्या. परवा त्याचं स्वतःचं आधार कार्ड आणि शाळेची नोंद शेजारी ठेवून नावाचं एकेक अक्षर जुळवा. फरक दिसला तर या आठवड्यातच शाळेत या, आम्ही तिथेच असतो.